मॉरिसवरचं मचाण

मानवजातीचा इतिहास तीन शोधांनी घडवला : अग्नी, चाक आणि कॅमेरा. पहिल्याने माणूस शिजवायला शिकला, दुसऱ्याने पळायला, आणि तिसऱ्याने, पळताना आपण कसे दिसतो ते पाहायला. या तिन्ही शोधांचा संगम ज्या दिवशी झाला तो दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावा असा होता. तो आमच्या वडशात झाला, गुणवंतराव पिल्लारे यांच्या धानगिरणीच्या आवारात. गुणवंतरावांनी त्या संगमाला एकच अट घातली : कॅमेरा गाडीवर खुशाल बसवा, पण गाडीला लागू देऊ नका.

छप्पन साल नुकतंच सरलं होतं. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यामुळे मुंबईहून कोणीही उतरलं की ‘हा आता काय उचलायला आला?’ अशाच नजरेने आम्ही त्याच्याकडे पाहत होतो. त्यात हा किणी नावाचा गृहस्थ उतरला तो अर्ध्या विजारीत. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी आणि खाली गुडघे उघडे. बांबूच्या जंगलावर तो एक माहितीपट काढणार होता. चालत्या गाडीवरून जंगलातला रस्ता टिपायचा होता आणि त्याची जीप तर ब्रह्मपुरीच्या अलीकडेच मान टाकून पडली होती. वडशात मोटार एकच. गुणवंतरावांची मॉरिस.

या मॉरिसबद्दल चार शब्द सांगायला हवेत. नागपूरच्या एका डॉक्टरकडून घेतलेली, काळीभोर, आणि अशी चकचकीत की गुणवंतराव रोज सकाळी तिच्यात पाहून फेटा बांधत. बॉनेटमध्ये चेहरा जसा आहे तसा दिसे. पुढच्या उजव्या मडगार्डाच्या फुगीर पत्र्यात तो भरदार दिसे. म्हणून फेटा मडगार्डासमोर बांधला जाई.

गाडी हाकायचा लटारू. तो मूळचा बंडीवाला. गिरणीचे धान बैलबंडीतून आणता-आणता मोटारीच्या सीटवर चढलेला. चढल्यापासून त्याने गावात पायी चालणं जवळजवळ सोडलं होतं. सासुरवाडीत त्याला आता मानाने ताटाखाली पाट मिळे. बैल हाकताना जी जीभ दिवसभर चालायची ती मोटारीत बंद झाली होती. त्याच्या मते मोटारवाल्याला ते शोभत नव्हतं.

किणीने मागणी घातली तेव्हा गुणवंतराव ओसरीवर सुपारी कातरत होते. ते कातरत राहिले.

“पडद्यावर गाडी दिसन का?” त्यांनी विचारलं.

“अहो, गाडीशिवाय हे चित्र होणारच नाही,” किणी म्हणाला.

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. माणसं फसतात ती अशाच वाक्यांनी.

गुणवंतरावांनी अडकित्ता मिटला आणि लटारूला हाक मारली. “आयक गा. साहेब गाडीवर मशीन बसवनार हाये. एक रेघ जरी दिसली ना मले, तं तू परत बंडीवर. समजलं?”

“हाव मालक,” लटारू म्हणाला आणि तिथल्या तिथे त्याचा चेहरा बैलासारखा झाला.

मला पंच नेमलं. शाळामास्तर असल्यामुळे माझं कोणाशी वैर नव्हतं आणि कोणाला माझा उपयोगही नव्हता. पंचाला एवढी पात्रता पुरे.

दुसऱ्या दिवशी किणीने पेटीतून चार जाड रबरी वाट्या काढल्या. थोडं पाणी लावून पत्र्यावर दाबल्या की त्या आतली हवा सोडून घट्ट चिकटतात, वर कॅमेऱ्याचा लोखंडी पाय बसवायचा, असं त्याचं म्हणणं. विलायतेत असंच करतात, पत्र्याला काही होत नाही. त्याने एक वाटी बॉनेटवर दाबली. ती पचकन चिकटली.

आवारात जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली.

“अरे बाप्पा!” गुणवंतराव ओरडले. “हे तं तुंबडी लावून राह्यले गाडीले!”

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी वैदू येतात. दुखऱ्या पाठीवर तुंबडी लावतात, तिने रक्त ओढून काढतात आणि मग ‘पाहा किती खराब रक्त होतं’ म्हणून दाखवतात. गुणवंतरावांनी स्वतःच्या पाठीवर ती दोनदा लावून घेतली होती. पाठीवरचे गोल डाग अजून होते.

“माणसाचं रक्त ओढते, ते गाडीचा रंग काऊन नाई ओढनार? काढा! आधी काढा!”

किणीने वाटी सोडवली. पत्र्यावर पाण्याचं एक गोल वळं राहिलं. किणीने ते रुमालाने पुसलं आणि ते गेलं. पण गुणवंतरावांनी बराच वेळ मान वाकडी करून, मग दुसऱ्या बाजूला वाकडी करून, उजेडात ती जागा पाहिली.

“फिकी पडली,” ते म्हणाले. “मास्तर, तुमी पाहा. फिकी पडली का नाई?”

मी पाहिलं. पंच म्हणून मी म्हणालो की फिकी पडलीही असेल आणि नसेलही. दोन्ही पक्षांना हा निकाल मानवला.

लटारूने इतका वेळ श्वास धरून ठेवला होता. तो सोडून तो म्हणाला, “मालक, मंगरूले बोलावतो. न लावता बांधते तो.”

मंगरू जंगलातल्या गावचा. शिकारी साहेबांसाठी मचाण बांधावं तर मंगरूनेच, असा त्याचा लौकिक. त्याच्या मचाणावर चार-चार साहेब बंदुकांसकट रात्रभर झोपत आणि सकाळी वाघ निघून गेल्याबद्दल त्याला शिव्या देत. मंगरू आला, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, काही विचारलं नाही. त्याला सांगितलं ते एवढंच : गाडीच्या वर मशीन बसवायचंय, आणि गाडीला लागायला नको.

दुपारपर्यंत मचाण उभं होतं. चार भक्कम सागवानी खांब, वर बांबूची शेज, वेलीच्या दोराने आवळलेली. खाली मॉरिस. पत्र्यापासून खांबापर्यंत सगळीकडून हात-हातभर मोकळं. गुणवंतरावांनी चारही बाजूंनी हात फिरवून पाहिला. कुठेच लागत नव्हतं. त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला.

“याले म्हनते काम!”

किणी वर पाहत होता. मग त्याने खाली, खांबांच्या बुडाशी पाहिलं. खांब जमिनीत कोपर-कोपर खोल पुरले होते.

“आणि गाडी चालू झाल्यावर?” त्याने विचारलं.

“गाडी जाईन ना,” मंगरू म्हणाला.

“आणि मचाण?”

मंगरूने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं. त्याच्या कामाबद्दल असा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. “मचान हालत नाई,” तो म्हणाला.

किणी पायरीवर बसला आणि त्याने टोपी काढली. तो का हसतोय ते मंगरूला कळलं नाही. गुणवंतरावांना मात्र वाटलं की हा मुंबईवाला चांगलं काम मुद्दाम नापास करतोय. त्यांनी माझ्या कानात सांगितलं, “याले गाडीले हात लावाचाच हाये, मास्तर. काहीतरी हाये याच्या मनात.”

तिसरा उपाय लटारूने काढला. त्याला तो काढणं भागच होतं. या कामाचा फायदा कोणाचाही झाला तरी तोटा फक्त त्याचाच व्हायचा होता.

“बैलाच्या खांद्याले जू घासते तवा काय करतो आपन? जू फेकतो का? खाली गादी ठेवतो.”

मग गादी आली. तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, ठासून भरलेली तीन पोती कॅमेऱ्याच्या तीन पायांखाली, आणि पोत्यांखाली बॉनेट आणि डावं मडगार्ड झाकेल अशी एक जाड वाकळ. ही वाकळ इंदुताईंची, म्हणजे गुणवंतरावांच्या पत्नीची. त्यांच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. त्या ओसरीवरून पाहत होत्या.

“गाडीले थंडी वाजून राह्यली का?” त्यांनी विचारलं.

“तू चूप राय.”

“मी चूपच हावो. मांगच्या थंडीत मी मांगतली तं म्हने जुनी हाये, राहू दे. आता गाडीले पांघरून.”

सगळं काथ्याच्या मऊ दोराने बांधलं. दोर बॉनेटवरून, मग खिडक्यांतून आरपार. त्यामुळे गाडीची दारं उघडेनात. म्हणून मला आणि किणीला आधी मागे बसवलं आणि मग बांधलं. शाळेत मी पुष्कळ पोरं कोंडली होती, पण स्वतः कोंडलं जाण्याचा प्रसंग पहिलाच. माझ्या मांडीवर किणीची लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीमुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं. पंचाची सोय उत्तम होती. किणीच्या हातात एक लांब तार होती. ती दाबली की बॉनेटवरचा कॅमेरा चालू होई. लटारू खिडकीतून आत शिरला, डोक्याने आधी.

निघायच्या वेळी गुणवंतराव समोर येऊन उभे राहिले. नवा कोट, ताजा फेटा, आणि कमरेला नेहमीचा किल्ल्यांचा जुडगा. गिरणीच्या, गोदामांच्या, कोठीच्या, घरातल्या दोन कपाटांच्या अशा साऱ्या किल्ल्या त्या जुडग्यात होत्या आणि तो कोणाच्या हाती दिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

“मी पुढं बसतो,” ते म्हणाले.

“कुठी पुढं, मालक?” लटारू घाबरला.

“मडगार्डावर. मशीन हाललं तं मी पाहीन. तुमच्या कोनाचा भरोसा नाई मले.”

उजव्या मडगार्डावर वाकळ पुरली नव्हती. त्यांनी आपला दुपट्टा चौघडी करून तिथे टाकला आणि दिव्याला एका हाताने धरून बसले. लटारूच्या समोर आता रस्ता नव्हता, मालक होते. तो डावीकडची झाडं पाहून अंदाजाने हाकत होता.

कुरखेड्याच्या वाटेला लागलो. त्या वाटेवर जितका रस्ता होता तितकेच खड्डे होते, आणि लटारू बैलबंडीपेक्षा हळू चालवत होता. किणी म्हणे, “जरा वेगात घ्या, झाडं पळताना दिसली पाहिजेत.” पुढून गुणवंतराव म्हणत, “सावकाश बे!” आणि लटारू दोघांनाही “हाव” म्हणे. वाटेत धानाच्या बंड्या भेटल्या. बंडीवाले वाकळीत गुंडाळलेलं ते लांबोडकं पाहायचे, पुढे फेटा बांधून गंभीर चेहऱ्याने बसलेले गुणवंतराव पाहायचे, आणि टोप्या काढून बाजूला उभे राहायचे. मोळीवाली एक बाई तर रडवेल्या आवाजात म्हणाली, “कोन गेलं गा?”

“कोनी नाई माय,” लटारू म्हणाला. “फोटू काढून राह्यलो.”

“मेल्यावर?” ती म्हणाली.

जंगल आलं. सागाची पानं झडायला लागली होती. बांबूची बेटं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकली होती. किणीने मधेच एकदा थांबवून लटारूला खिडकीतून बाहेर काढलं, त्याच्याकडून कॅमेऱ्याचं तोंड जरा डावीकडे वळवून घेतलं आणि मग परत तार दाबून धरली. गाडी खड्ड्यांतून डुलत होती. पुढून काहीतरी खळखळ वाजत होतं. किणी म्हणाला स्प्रिंगा असतील, लटारू म्हणाला माझं काळीज हाये.

दिवस कलायला परतलो. दोर सोडले, पोती उतरवली, वाकळ काढली. गुणवंतरावांनी कंदील मागवला आणि बॉनेटवर नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. बॉनेट आरशासारखं. डावं मडगार्ड आरशासारखं. उजव्याला काही बांधलंच नव्हतं, त्याकडे कोणी पाहिलं नाही. लटारू मनापासून हसला. किणीने सगळ्यांशी हात मिळवला, अगदी मंगरूशीही, आणि रात्रीच्या गाडीने पसार झाला. मॉरिस तिच्या जागी उभी केली, म्हणजे मचाणाखालीच. ते उपटायला कोणाला वेळ झाला नव्हता.

सकाळी गुणवंतराव फेटा बांधायला आले आणि मडगार्डात त्यांना स्वतःचं नाक दोन ठिकाणी दिसलं.

रेघ एकच नव्हती. एकमेकींवर चढलेल्या, बोटभर लांब, पाचसहा रेघा, आणि पत्रा पार उघडा. मला बोलावलं, मंगरूला बोलावलं. लटारूला बोलवायची गरज नव्हती, तो आधीच येऊन खांबाला टेकून उभा होता.

संशयाचं एक बरं असतं, तो सगळ्यांना समान वागवतो. आधी किणीवर गेला. अर्ध्या विजारीतला माणूस, रातोरात निघून जातो. पण तो तर दिवसभर मागे बांधलेला, आणि मीच साक्षीला. मग मंगरूच्या खांबांवर गेला.

“तुझा खांब घासला बे!”

मंगरूने खांबापासून मडगार्डापर्यंतचं अंतर हाताने मोजलं. मग लटारूकडे न पाहता म्हणाला, “मचान हालत नाई, भाऊ. हालली तं गाडीच हालली असन.”

तो खरं तेच बोलला होता. त्याला आपलं मचाण वाचवायचं होतं. लटारू मधे उभा होता हा लटारूचा दोष. गुणवंतराव वळले.

“रात्री आत लावताना घासली तू.”

“नाई मालक. आईची आन.”

“मंग कोनं घासली? म्या?”

या प्रश्नावर आवारातले सगळे खाली पाहू लागले, मीही.

लटारू बंडीवर गेला. वर्षभर तो धान वाहत राहिला. मोटारवाल्याच्या सवयी मात्र त्याला सोडवेनात; वळणावर तो हात बाहेर काढून दाखवी आणि उतारावर त्याचा उजवा पाय बंडीच्या फळीवर ब्रेक शोधत राही. बैल वैतागले. सासुरवाडीत ताटाखालचा पाट गेला, असं त्याच्याच तोंडून कळलं. इकडे गाडी मचाणाखाली धूळ खात उभी, कारण दुसरा हाकणारा गुणवंतरावांना भरवशाचा वाटेना. येईल त्याला ते आधी मडगार्ड दाखवत. फेटा आता इंदुताईंच्या हातातल्या लहान आरशात बांधला जाई.

“मचान बांधून ठेवली हाये,” इंदुताई आरसा धरून म्हणायच्या, “आता वाघाची वाट पाहून राह्यले.”

पुढच्या थंडीत किणी परत आला, माहितीपट दाखवायला. त्या दिवसांत वडशाला नाटकांचा मंडप पडलेलाच असतो. नाटक सुरू व्हायच्या आधी, दिवस बुडताच, पडदा बांधला. सारं गाव लोटलं. गुणवंतराव पहिल्या रांगेत, शेजारी मी, इंदुताई बायकांत. बाकं आणि खुर्च्या लटारूनेच बंडीतून आणल्या होत्या. तो मागे, बंडीच्या दांडीवर बसून होता. मंगरू त्याच्याशेजारी. वर्षभरात दोघांचं बोलणं नव्हतं, पण दांडी एकच होती.

पडद्यावर बांबू आला, तोडणारी माणसं आली, मग आमचा रस्ता. झाडं पळाली, गुरं बाजूला झाली, बंडीवाल्यांनी टोप्या काढल्या. लोक नावं घेऊन ओरडत होते. मग दिवे लागले.

गुणवंतराव उभे राहिले. “गाडी कुठी हाये?”

“गाडीवरूनच काढलंय ना सगळं,” किणी म्हणाला.

“मंग दिसत काऊन नाई?”

“अहो, कॅमेरा गाडीवर होता. स्वतःच्या डोळ्याला स्वतःचा डोळा कसा दिसेल?”

मंडपात कुजबुज सुरू झाली. गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एका वर्षाचा संशय पिकून तयार झालेला होता. “मी तवाच म्हनलो होतो, मास्तर. गाडी होतीच कुठी, असं म्हनन हा उद्या.”

किणीने घाईने पिशवीतून एक लहान डबा काढला. “थांबा, थांबा. हा कापलेला तुकडा आहे, तुम्हाला आठवण म्हणून द्यायला आणलाय. सुरुवातीला कोपऱ्यात तुम्ही येत होतात, म्हणून पुढे मी कॅमेरा वळवून घेतला. यात गाडी आहे, थोडी.”

परत अंधार झाला. तोच रस्ता. पण उजव्या कोपऱ्यात मडगार्डाचा काळा फुगीर पत्रा आणि त्यावर गुणवंतराव, पाठमोरे, ताठ. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुणवंतरावांनी मान थोडी उंच केली.

मग पहिला खड्डा आला. पडद्यावरचे गुणवंतराव उडाले आणि खाली बसले. त्यांच्या कमरेचा जुडगाही उडाला, दुपट्ट्याच्या पलीकडे पडला आणि पत्र्यावरून सरकत गेला. दुसरा खड्डा. पुन्हा उडाला, पुन्हा पडला, पुन्हा सरकला.

नाटकं पाहून तयार झालेलं गाव, नटाची मिशी सुटली तरी मागच्या रांगेतून सांगणारं. कोणीतरी ओरडलं, “किल्ल्या पाहा! किल्ल्या!”

तिसरा खड्डा. तुकडा संपला. दिवे लागले तेव्हा मंडपात एवढी शांतता होती की गुणवंतरावांच्या कमरेचा जुडगा वाजला तो सगळ्यांना ऐकू आला.

मागून लटारूचा आवाज आला, फार मोठा नाही. “मंगरू, तुझी मचान हालली नाई गा.”

गुणवंतराव उभे होते. ते वळले आणि बाकांमधून मागे चालत गेले. लोक पाय आखडून घेत होते. बंडीपाशी थांबून त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, खटपट करून त्यात वर्षभर अडकवलेली मोटारीची किल्ली काढली आणि लटारूच्या हातावर ठेवली.

“सकाळी गाडी धू,” ते म्हणाले.

लटारूने मूठ मिटली. मंगरूने बैलांच्या पाठीवर उगीचच हात फिरवला. बायकांत इंदुताईंनी पदराने डोळे टिपले. मी पंच; मलाही काहीतरी बोलावंसं वाटलं. सत्य कसं आपल्या पायांनी चालत येतं, इतपत वाक्य तयारही झालं होतं.

गुणवंतराव पडद्यापाशी परत आले. घसा साफ केला. सारा मंडप कान देऊन बसला.

“साहेब,” ते किणीला हळूच म्हणाले, “तो तुकडा एक डाव अजून लावता का? किल्ल्याच पाहत राह्यलो मी. फेटा पाहाचा राहून गेला.”